भोंग्याच्या नकलांची हकीकत

॥ श्री ॥ नदीमातेस वंदन. तिच्या दोन्ही तीरी नांदणाऱ्या माणसांस, गुरांस व पिकांस वंदन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, भाद्रपद मासी जलराज्यात जे वर्तमान घडले ते ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांचे तोंडून ऐकोन, पदरचे काही न घालिता, या लेखकाने लिहिले आहे. लेखकाचे नाव कोणी पुसू नये. काम झाले ते दुसऱ्यांचे, लेखकाचे हाती फक्त लेखणी होती.

तर राज्य ऐसे की नदी एकच, लांबच लांब, आणि तिजवर नऊ धरणे, आणि धरणांखाली दुतर्फा गावे. धरण भरले म्हणजे दरवाजे उघडणे प्राप्त होई, आणि दरवाजे उघडले म्हणजे खाली पात्रात जो असेल त्याची धडगत नसे. पूर्वी धरणावरून माणूस धावत सुटे आणि गावोगाव हलगी वाजवून सांगे की पाणी येते, वर चढा, परंतु पाणी माणसाहून वेगे धावते, म्हणोन दरसाल कोणी ना कोणी जाई. मग संगणकाचा अंमल आला. जलखात्याचे पदरी दिगंबरराव वाघचौरे म्हणोन गृहस्थ होते, तेव्हा वयाने तरुण, बुद्धीने तल्लख, बोलणे थोडे आणि काम बहुत. त्यांनी पहिल्या धरणासाठी एक आज्ञावली रचिली. आज्ञावली म्हणजे संगणकास लिहून दिलेले हुकूम, ज्यास हल्ली थोर-लहान सर्व कोड म्हणतात. हुकूम सरळ होता: दरवाजे उघडण्याची वेळ धरणावरून कळली की त्याआधी अर्धा तास खालच्या गावी भोंगा वाजावा आणि गावकऱ्यांचे फोनवर संदेश जावा. इतकेच. एका बैठकीत कोणीही वाचावे आणि समजावे ऐसे ते लिहिणे होते. त्या साली पहिल्या धरणाखाली एकही माणूस वाहून गेला नाही, आणि गावांनी दिगंबररावांस बोलावून शाल-श्रीफळ दिले, आणि एका म्हातारीने त्यांचे तोंडावरून हात फिरवून बोटे मोडिली. दिगंबरराव त्या दिवशी जे सुखावले, तैसे पुन्हा बहुत वर्षे सुखावले नाहीत.

कारण की कीर्ती पसरली, आणि दुसऱ्या धरणाचे अभियंते चालून आले. म्हणाले, "आम्हालाही हेच पाहिजे. पण तुमचे दरवाजे तीन, आमचे पाच. आणि परवापर्यंत पाहिजे, पाऊस दारात आहे." दिगंबरराव म्हणाले, "दोन्हीकडे चालेल असं नीट करून देतो, पण महिना लागेल." तेव्हा खात्यावर जे साहेब होते त्यांनी हुकूम केला, "महिना कुणाकडे आहे, वाघचौरे? आहे तीच उचला, तिकडे लावा, तीनाचे पाच करा, झालं." दिगंबररावांस ते मनातून रुचले नाही, परंतु पाऊस दारात होता हेही खरे, म्हणोन त्यांनी आज्ञावलीची नक्कल केली, तीनाचे पाच केले, आणि दुसऱ्या धरणाखालीही माणसे वाचू लागली. मग तिसरे धरण आले, त्यास दुसऱ्याची नक्कल दिली. मग चौथे आले. मग कोठे नदी वळसा घेई म्हणोन अर्धा तास पुरेना, तेथे पाऊण तास घातला. कोठे जत्रेचे दिवशी ज्यादा भोंगा पाहिजे म्हणोन अट घातली. कोठे एका गावचे भोंग्याचे यंत्र निराळे निघाले, म्हणोन अटीत अट घातली, आणि ते यंत्र पुढे बदलले तरी अट तैसीच राहिली. ऐसे करिता करिता एका हुकुमाचे नऊ हुकूम जाहले, सख्ख्या भावंडांसारखे दिसणारे पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. एकात दुरुस्ती केली तर बाकी आठांत करावी लागे, आणि घाईत कधी सातांत होई, कधी पाचांत. कोठे काय आहे हे फक्त दिगंबररावांस ठाऊक होते, आणि पुढे पुढे त्यांसही पुरते ठाऊक राहिले नाही. मदतनीस आले आणि गेले. त्या प्रत्येकास पहिल्याच दिवशी ते सांगत, "वाचा हवं तेवढं, पण हात लावू नका. काही लागलं तर मला सांगा, मी करतो." लोक म्हणत, वाघचौरे गर्विष्ठ आहेत, आपली विद्या कोणास देत नाहीत. आतले कारण कोणास समजले नव्हते.

यानंतर खात्याचा कारभार हेमांगिनीबाई कर्णिक यांजकडे आला. त्यांस सर्वजण मॅडमसाहेब म्हणत. बाई करड्या शिस्तीच्या, परंतु ऐकून घेणाऱ्या. त्यांनी दिगंबररावांचे हाताखाली यास्मिन मुजावर नावाची मुलगी नेमिली. ती दक्षिणेकडील एका कसब्याची, नुकती शिकून आलेली, आवाज मृदू, परंतु एखादी गोष्ट समजल्यावाचून पुढे सरकायचे नाही हा तिचा हट्ट होता. तिला पहिले काम सोपे नेमून दिले: सातव्या धरणाखाली करंजठाण नावाचे गाव आहे, त्याचे नदीकाठी नवी वस्ती बसली आहे, तिचे नाव संदेशाचे यादीत घालावे. यास्मिनने नाव घातले आणि चाचणी घेतली, तो संदेश गेला नाही. शोधिले, तो तीच यादी आणखी एके ठिकाणी होती. तेथे घातले. तरी गेला नाही. तेव्हा तिसरे ठिकाण सापडले, आणि तेथे घातले तेव्हा संदेश गेला, परंतु दोनदा गेला. दिगंबररावांस तिने पुसिले, "सर, एकच यादी तीन ठिकाणी कशाला आहे?" ते मान वर न करिता म्हणाले, "आहे. असू दे." त्यावर दुसरी कोणी गप्प बसली असती. यास्मिन गप्प बसली खरी, परंतु ऐसे एक साधन असते की ते सगळी आज्ञावली वाचून, कोठे तोच मजकूर पुन्हा आला आहे आणि कोठे गुंता प्रमाणाबाहेर वाढला आहे, ते रंगवून दाखविते. ते तिने लाविले. आणि जे पडद्यावर उमटले ते पाहून तिने मॅडमसाहेबांस अर्ज केला की मला काही दाखवायचे आहे.

मग दरबार भरला. मॅडमसाहेब मध्ये, दिगंबरराव उजवीकडे, बाकी मंडळी दुतर्फा, आणि भिंतीवर यास्मिनने तो नकाशा उजळविला. मॅडमसाहेब चष्मा सावरून म्हणाल्या, "हे लाल काय एवढं?" यास्मिन म्हणाली, "मॅडम, जिथे तोच मजकूर परत आलाय ते लाल आहे. आणि जिथे अटीत अट, तिच्या पोटात आणखी अट आहे, ते पिवळं." "मग जे चांगलं आहे ते?" "ते पांढरं." मॅडमसाहेबांनी भिंत न्याहाळिली. "पांढरं कुठे दिसत नाही." यास्मिन हळूच म्हणाली, "आहे, मॅडम. तो वरचा कोपरा. पहिल्या धरणाची सुरुवात." कोणी हसले, आणि ते हसणे दिगंबररावांचे काळजास लागले. ते उभे राहिले आणि त्यांचा आवाज चढला. "मॅडम, इतकी वर्षं हे चालतंय. याच्यामुळे गावं झोपतात सुखानं. आणि काल आलेली मुलगी त्यावर रंग ओतून मला दाखवते? तिला म्हणावं, एक पावसाळा काढ इथे, मग बोल." यास्मिनचे डोळे भरले, परंतु ती म्हणाली, "सर, मी तुम्हाला काही म्हणत नाहीये. मी कोडला म्हणतेय." "तो मीच लिहिलाय!" ऐसे बोलून दिगंबरराव बसले. तेव्हा मॅडमसाहेबांनी निवाडा केला की पावसाळा सरेपर्यंत कोणी कशास हात लावू नये, सरल्यावर विचार करू. निवाडा वाईट नव्हता. वाहत्या पाण्यावर बांध फोडून पुन्हा बांधण्याची जोखीम कोणता कारभारी घेईल? मंडळी उठली, आणि त्या दिवसापासोन दिगंबरराव चहाचे वेळी यास्मिनकडे पाठ करून बसू लागले, आणि यास्मिनला जेवण गोड लागेना, आणि तिने घरी आईस सांगितले की बदली मागावी म्हणते.

परंतु हात लावण्याची मनाई होती, वाचण्याची नव्हती. यास्मिन नऊही नकला शेजारी शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचू लागली की कोणती कोठे वेगळी होते ते तरी समजावे. भाद्रपद वद्य चतुर्दशी होती. त्या मुलुखात पोळा भाद्रपदी अमावास्येस करितात, आणि आदल्या दिवशी बैलांस न्हाऊ घालून त्यांचे खांदे मळितात ती खांदमळणी, म्हणोन दुपारी निम्मे कार्यालय रजेवर होते. वाचिता वाचिता चौथ्या धरणाचे नकलेत तिला ऐसी अट दिसली की दुपारी चार ते सहा या वेळात भोंगा वाजवू नये आणि संदेशही पाठवू नये. कारण लिहिले नव्हते. पहिल्या धरणात ती अट नव्हती, दुसऱ्यात, तिसऱ्यात नव्हती. सहाव्यात होती. सातव्यात होती. नवव्यात होती. यास्मिनने ती पुन्हा वाचिली. ती उठून दिगंबररावांपाशी गेली. ते तिजकडे न पाहता म्हणाले, "आता काय रंगवलंस?" ती म्हणाली, "सर, चार ते सहा भोंगा बंद. हे काय आहे?" तेव्हा दिगंबररावांनी मान फिरविली आणि त्यांचे तोंडावरचा रंग उतरला. ते असे बोलले जैसे दुसरे कोणी बोलत आहे. "एका पाहुण्यांचं भाषण होतं. पहिल्या धरणाच्या काठावर, मांडव घालून. भाषणात भोंगा नको, हजारो फोन एकदम वाजायला नकोत, असा वरून निरोप होता. तारीख रोज बदलत होती, म्हणून मी नुसती वेळ घातली. भाषण झालं त्याच संध्याकाळी काढली मी ती. काढली होती, यास्मिन." ती म्हणाली, "पहिल्यातून काढलीत, सर." ते म्हणाले, "त्याच आठवड्यात चौथं धरण आलं होतं. ती ओळ काढायच्या आधीच त्याला पहिल्याची नक्कल दिली, आणि पुढच्या काहींना त्याची." आणि मग दिगंबरराव एकच शब्द बोलले: "शेळ्या."

त्या शब्दाची हकीकत ऐसी की दोन साले मागे करंजठाणचा भिवा खरात नावाचा वृद्ध धनगर पात्रात शेळ्या चारीत असता दुपारचे वेळी पाणी आले, आणि तो कसाबसा कडेस लागला, परंतु शेळ्या गेल्या. गावचे पोलीसपाटील रामदास उगले यांनी जलखात्यास कळविले की भोंगा वाजला नाही. खात्याने दिगंबररावांस पुसिले, आणि दिगंबररावांनी पहिल्या धरणाची आज्ञावली पाहून उत्तर दिले की सर्व ठीक आहे, भोंगा वाजलाच असला पाहिजे, धनगरास डुलकी लागली असेल. गावाने ते मानिले आणि म्हाताऱ्यास हसले. एरवी धरणांचे दरवाजे सकाळी उघडत, क्वचित रात्री, दुपारी जवळपास कधीच नाही, म्हणोन पुन्हा बोंब जाहली नाही.

यास्मिन म्हणाली, "सर, आज कुठे दरवाजे उघडणार आहेत?" दिगंबररावांनी भिंतीवरच्या फलकाकडे पाहिले. वरच्या डोंगरात सकाळपासोन धो धो पाऊस कोसळत होता, आणि फलकावर लिहिले होते: सातवे धरण, दुपारी साडेचार. म्हणजे भोंगा चारास वाजावयाचा, आणि चारास भोंग्यास मनाई. घड्याळात तीन वाजून गेले होते. दिगंबरराव चपला टेबलाखाली काढून बसत. ते तैसेच अनवाणी धावले, यास्मिन मागे धावली, आणि दोघे न विचारिता मॅडमसाहेबांचे दालनात शिरले. दिगंबरराव म्हणाले, "मॅडम, आज सातव्याचा भोंगा वाजणार नाही. चूक माझ्या कोडमध्ये आहे. ही सांगत होती ते बरोबर आहे." मॅडमसाहेबांनी एक प्रश्न विचारिला, "ती ओळ आत्ता काढता येईल?" दिगंबरराव म्हणाले, "काढता येईल. पण ती काढल्यावर दुसरं काय बंद पडेल हे मला सांगता येणार नाही." आणि तेच पुन्हा म्हणाले, "माझंच आहे, मॅडम. पण सांगता येणार नाही." मॅडमसाहेब म्हणाल्या, "मग कोड राहू द्या. माणसांना फोन करा."

प्रथम सातव्या धरणाचे अभियंत्यांस फोन लाविला. मॅडमसाहेब म्हणाल्या, "दरवाजे लांबवता येतील का?" तिकडून उत्तर आले, "वरून लोंढा येतोय मॅडम. फार तर पाच वाजेपर्यंत धरतो. त्याच्या पुढे धरण माझं ऐकणार नाही." बाई म्हणाल्या, "पाचपर्यंत धरा." मग धरणाखालची तीन गावे वाटून घेतली. दोन गावांत यास्मिनने बोलून खातरजमा केली की पात्रात कोणी नाही. तिसरे करंजठाण. तेथे दिगंबररावांनी रामदास उगले पाटलांस फोन केला. मागे ढोल वाजत होते आणि पाटील ओरडून बोलत होते. "बोला साहेब! खांदमळणी चालू आहे!" "पाटील, गाव कुठे आहे?" "गाव? गाव सगळं नदीत आहे साहेब, बैल धुताहेत. पोरंसोरं, बाया, सगळी." दिगंबररावांनी घड्याळाकडे पाहिले. मग म्हणाले, "पाटील, पाणी येतंय. भोंगा वाजणार नाही. तुमच्याकडचं हाताचं बटण दाबा." पाटील म्हणाले, "ते बटण ग्रामपंचायतीच्या खोलीत, आणि किल्ली ग्रामसेवकाकडे, आणि ग्रामसेवक पोळ्याच्या बाजाराला गेलाय." तेव्हा मॅडमसाहेबांनी फोन दिगंबररावांचे हातातून घेतला. "पाटील, मी हेमांगिनी कर्णिक बोलतेय. कुलूप तोडा. माझ्या नावावर तोडा." पाटील म्हणाले, "नावाचं काय घेऊन बसलात बाई," आणि फोन चालूच ठेवून ते धावत सुटले. दालनात ते सर्व ऐकू येत होते: पाटलांचा श्वास, मग लोखंडावर दगडाचे घाव, एक, आणखी एक, आणि मग भोंगा. तो फोनमधून ऐसा आला की यास्मिनने कानांवर हात ठेविले, आणि दिगंबररावांनी डोळे मिटिले.

नदीवर काय जाहले ते पाटलांनी मागाहून सांगितले ते ऐसे. भोंगा वाजला तेव्हा लोकांस वाटले की सणाची गंमत कोणी करितो, आणि कोणी हालेना. तेव्हा पाटील काठावर येऊन दोन्ही हात वर करून ओरडले, आणि डोकीस फेटा नव्हता, तोंड लाल झाले होते, ते पाहून लोक समजले. बायांनी पोरे उचलिली आणि चढाला लागल्या. बैल एकामागे एक वर आले, अंगावरून पाणी निथळत. एक सुलतान नावाचा म्हातारा बैल मात्र गार पाण्यात बसला होता, तो उठेना, आणि त्याचा धनी त्यास सोडून येईना. म्हणे, तुम्ही जा, मी याच्यापाशी थांबतो. तेव्हा गावचे दहा-पंधरा जण परत उतरले, कोणी शिंग धरिले, कोणी शेपूट पिरगाळिली, कोणी पोटाखाली खांदा दिला, आणि सुलतान रागाने उठला आणि धन्यास ओढीत आपणच वर गेला. मग पाणी आले. तांबडे, फेसाळ, पात्र भरून, आणि जेथे घटकेपूर्वी पोरे डुंबत होती तेथे बाभळीचे झाड उभेच्या उभे वाहत गेले. गाव काठावर उभे राहून पाहत होते आणि ढोल कोणी वाजवीत नव्हते. पाण्याने नेले ते इतकेच: साबण, घासण्या, आणि एक घमेले.

पाटलांनी फोन करून सांगितले, "सगळे वर आहेत. मोजले मी. बैलसुद्धा." तेव्हा मॅडमसाहेब, ज्यांस कोणी कधी टेकून बसलेले पाहिले नव्हते, त्या दालनाचे उंबरठ्यावरच बसल्या आणि म्हणाल्या, "चहा सांगा कुणीतरी." चहा आला, आणि कपात साखर कोणी ढवळिली नाही, तैसाच प्याला. सायंकाळी सर्व पांगले आणि दिगंबरराव व यास्मिन दोघेच राहिले. यास्मिनला वाटले आता रागावतील. ते म्हणाले, "तू बस." ती बसली. मग ते म्हणाले, "लोकांना वाटतं मी कुणाला शिकवत नाही. मला भीती वाटायची, यास्मिन. कुणी आत डोकावलं तर म्हणेल, हा माणूस ज्याला शाल दिली, त्याने हे करून ठेवलंय? दर पावसाळ्यात ढग आले की झोप उडायची. पोरगी सासरी गेली, तिकडे दोन रात्री सलग राहिलो नाही कधी. आज तू बघितलंस. मॅडमनी बघितलं. सगळ्यांनी बघितलं." ती म्हणाली, "सर, मला तसं काही..." त्यांनी तिला थांबविले. "नाही, ऐक. मला वाटलं होतं मी मरेन. आणि मला किती हलकं वाटतंय गं." ऐसे बोलून ते हसले आणि हसता हसता रडले, आणि यास्मिनने आपले डब्यातील उरलेला शिरा त्यांचेपुढे सरकविला, आणि त्यांनी तो खाल्ला.

दुसरे दिवशी मॅडमसाहेबांनी हुकूम केला की पाऊस आहे तोवर प्रत्येक धरणाचे भोंग्यापाशी माणूस बसावा, आणि पाऊस सरताच नऊ हुकुमांचा एक हुकूम करावा. कोणास दंड केला नाही. दिगंबररावांनी आपण होऊन म्हटले की एक काम आधी आहे, आणि ते करंजठाणी गेले, आणि भिवा खरातांचे वस्तीवर जाऊन, चार माणसे जमली होती त्यांचे देखत म्हणाले, "बाबा, त्या दिवशी भोंगा वाजला नव्हता. तुम्हाला डुलकी लागली नव्हती. मी न बघता लिहिलं होतं." म्हाताऱ्याने हातातील काठी भिंतीस टेकविली. मग म्हणाला, "मी तेव्हाच सांगत होतो. कुणी ऐकेना." आणि मग म्हणाला, "पण तुम्ही आलात हे बरं केलंत. बसा. दूध घ्या." खात्याने पुढे त्यास शेळ्या घेऊन दिल्या, त्यांतील एक लंगडी निघाली, त्यावरून त्याने पाटलांपाशी जी कुरकुर केली ती अद्याप चालू आहे.

मग कार्तिकापासोन काम आरंभिले. यास्मिन नकला वाचून जे जे सारखे ते एके ठिकाणी आणी, आणि जे वेगळे दिसे त्याचे कारण दिगंबररावांस पुसे. दरवाजे तीन की पाच, वेळ अर्धा तास की पाऊण, हे प्रत्येक धरणाचे नावापुढे नुसते नोंदिले, आणि हुकूम सर्वांस एकच ठेविला. कित्येक अटी ऐशा निघाल्या की ज्या यंत्रासाठी घातल्या ते यंत्र भंगारात गेले होते, ज्या जत्रेसाठी घातल्या ती दुसऱ्या गावी भरत होती. दिगंबरराव त्या काढिताना जुने दिवस सांगत आणि यास्मिन ऐके. एके अटीपाशी ते अडले. म्हणाले, "ही राहू दे." "कशासाठी आहे, सर?" "आठवत नाही. पण असावी." यास्मिनने ती अट मोठ्याने वाचून दाखविली. मग तेच म्हणाले, "काढ." आणि काढिल्यावर प्रत्येक धरणाची चाचणी घेतली, सकाळी, दुपारी, चार ते सहा यांत तर मुद्दाम, आणि सर्वत्र भोंगा वाजला, आणि कोरड्या नदीकाठी लोक कानांत बोटे घालून हसत उभे राहिले. मग यास्मिनने ते रंगविणारे साधन पुन्हा लाविले आणि भिंतीवर उजळविले. थोडके पिवळे होते, लाल कोठे नव्हते. मॅडमसाहेब चष्मा सावरून म्हणाल्या, "आता मला वाचता येईल का हे?" दिगंबरराव म्हणाले, "बसा मॅडम, वाचून दाखवतो." आणि चहा निवायच्या आत वाचून जाहले.

पुढील साली, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, श्रावण मासी, दिगंबररावांनी रजा मागितली आणि मॅडमसाहेबांनी ती कारण न विचारिता दिली. ते लेकीकडे गेले. तिचे गाव दूर, मध्ये डोंगर. ते तेथे नातीस घेऊन बाजार हिंडले, जावयाबरोबर पत्ते खेळले, आणि भर पावसात दुपारी झोपले, ऐसे लेकीने नंतर सांगितले, आणि झोपेत घोरले हेही सांगितले. रजा सरल्यावर ते परत आले आणि फलकाकडे पाहतात तो नवव्या धरणाचे दरवाजे त्यांचे मागे दोन वेळा उघडून गेले होते, त्यांत एकदा भर दुपारी. ते लगबगीने यास्मिनपाशी गेले आणि किंचित दुखावल्या स्वराने म्हणाले, "नवव्याचे दरवाजे उघडले आणि मला कुणी कळवलं नाही?" यास्मिन पडद्यावरची नजर काढून म्हणाली, "कळवण्यासारखं काही झालं नाही, सर." दिगंबरराव उभे राहिले ते तैसेच उभे. मग खुर्ची ओढून तिचे शेजारी बसले, आणि म्हणाले, "पुन्हा म्हण."

इतुके वर्तमान. सारांश ऐसा की एका हुकुमाच्या नऊ नकला जाहल्या होत्या, त्यांत एक चूक लपली होती, ती एका मुलीने वाचिता वाचिता शोधिली, आणि ज्याने ती घातली होती त्यानेच प्रथम धाव घेतली, म्हणोन कोणी बुडाले नाही. हल्ली हुकूम एक आहे, एके ठिकाणी आहे, आणि ज्यास हवा त्याने वाचावा. नदी भरून वाहते आहे आणि काठची माणसे खुशाल आहेत.